हरवलं : निरंक

खोलीवर राहायला गेलो त्या दिवशी सुभेदारांनी मला आधी बॅग रिकामी करायला लावली.

"समदं कॉटवर मांड," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो सुभेदार, मी राहायला आलोय, चोरी करून नाही."

"मांड म्हंतो न्हवं."

मांडलं. सात शर्ट, चार पँटी, दाढीचं सामान, दोन टॉवेल, आईनं दिलेला चटणीचा डबा. त्यांनी चष्मा चढवला, पुठ्ठ्याचं एक लांबट रजिस्टर उघडलं आणि एकेक वस्तू बोटानं दाखवत लिहून घेतली. कंगव्यापाशी थांबले. "दात तीन कमी हायती. मागनं म्हणशील, हितं मोडले." तेही लिहिलं. मग रजिस्टर माझ्यापुढे धरलं. चार रकाने होते: मालक, सामान, पोच, हरवलं. पोचेच्या रकान्यात मी सही केली. शेवटचा रकाना कोरा होता. "त्यो तू सोडून जाशील तवा भरायचा," म्हणाले, आणि मग कुठं किल्ली माझ्या हातात पडली.

मी मूळचा सांगलीचा. तेव्हा साताऱ्यात कॉम्प्युटर विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात नोकरीला होतो आणि रहिमतपुरात खोली घेऊन रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होतो. हे घर दुकानातल्याच एकानं सुचवलं होतं. घर शांत, पाण्याची ओरड नाही, मालक तेवढा जरा... असं म्हणून त्यानं कानाजवळ बोट गरगर फिरवून दाखवलं होतं.

या लिखाणात कुणाचं नाव येणार नाही. सुभेदारांचं नाही, बाईंचं नाही आणि माण तालुक्यातल्या त्या गावाचं तर नाहीच. यात लिहिणाऱ्याची काही ऐट नाही. कारण आहे, आणि ते पुढं आपोआप कळेल.

सुभेदार फौजेत सिग्नलमध्ये होते. सगळी नोकरी वायरलेस सेटच्या शेजारी काढल्यामुळे कॉम्प्युटरलाही ते सेटच म्हणत. "सेट बोलतोय का?" हा त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न. शेवटच्या पोस्टिंगला त्यांना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर, शिकायला मिळालं आणि ते डोक्यात असं बसलं की रिटायर होऊन आले ते हेच व्रत घेऊन. कुठल्या शाळेनं अडगळीत टाकलेला, कुठल्या वाचनालयात झाकून ठेवलेला, कुठल्या बचत गटाला कुणीतरी दान दिलेला जुना कॉम्प्युटर ते शोधून काढत, त्यावर लिनक्स बसवत आणि मग तो आयुष्यभर सांभाळत. फुकट. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत असे त्यांचे चाळीसेक सेट असतील. "जुन्या सेटवर बी पळतंय, आन कुणाची परवानगी लागत न्हाई," हे लिनक्सचं कौतुक. जन्मभर परवानग्या मागत नोकरी केलेल्या माणसाला त्याचं अप्रूप असणारच.

नवी आवृत्ती आली की अपग्रेड करायला जाणं ही त्यांची परेड होती. दाढी गुळगुळीत, बुटाला पॉलिश, स्कूटरच्या पायाशी रजिस्टर आणि हार्ड डिस्कची पिशवी. काम चालू असताना ते स्वतः बसत नसत आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. मशीन बंद होऊन परत चालू व्हावं, मालकानं आपल्या हातानं आपली फाईल उघडून बघावी, तोवर त्या घरचं पाणीही घ्यायचं नाही. चहा पुढं आला की म्हणायचे, "थांब. अजून तुझं सामान तुला पोचलेलं न्हाई."

माझा धंदा तोच असल्यामुळे मला त्यांची पद्धत आधी हसू आणणारी वाटली. मी दुकानात दिवसाला पाच मशीनं हातावेगळी करायचो. हे एका मशीनला अख्खी सकाळ घालवणार. त्यातला निम्मा वेळ जबानीत. जबानी हा त्यांचाच शब्द. मशीनला हात लावायच्या आधी मालकाला समोर उभं करायचं आणि विचारायचं, "सकाळी आल्याव पयलं काय दाबतोस? मग काय? मग?" तो सांगेल तसं लिहून घ्यायचं आणि पडद्याचं चित्र पेन्सिलीनं रजिस्टरात काढायचं. कुठं काय आहे, कुठल्या रंगाचं, केवढं मोठं. मी एकदा म्हटलं, "सुभेदार, एक बटण दाबलं की पडद्याचा फोटो निघतो."

"फोटोत येतंय समदं," ते म्हणाले. "बघतंय कोण? चित्र काढायचं तर बघाया लागतंय."

फायली आणि सेटिंगं न गमावता अपग्रेड कसं करावं हे त्यांनी मला ज्या भाषेत शिकवलं ती मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचली नाही. त्यांच्या माडीच्या जिन्याखाली फौजेतली काळी लोखंडी ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर. "बदली झाली का बराक बदलती. ट्रंक तीच ऱ्हाती," ते म्हणायचे. म्हणून शक्यतो माणसाचं सामान डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. बराक पाडून नवी बांधली तरी ट्रंकेला धक्का लागत नाही. आणि कप्पा वेगळा नसेल तर? तर ट्रंक उचलून बाहेर अंगणात ठेवायची, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर, आणि मगच बराकीला हात घालायचा.

"पण ट्रंक उचलायची म्हंजे काय उचलायचं?" हा परीक्षेतला प्रश्न.

मी म्हणायचो, "सगळ्या फायली."

"चूक. कागदाखालचं कोण घेणार?"

फौजी माणूस ट्रंकेच्या तळाला वर्तमानपत्र अंथरतो आणि खरं जपायचं ते त्या कागदाखाली ठेवतो. बायकोची पत्रं, देवाचा अंगारा, एखादा फोटो. इन्स्पेक्शनला साहेब आला तरी ते दिसत नाही. लिनक्समध्ये ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं ते असंच दिसत नाही, आणि माणसाच्या सगळ्या सवयी त्यातच असतात. पडद्यावर कुठलं चित्र, अक्षर केवढं, कुठली वस्तू कुठं मांडलेली. वरवर दिसतं तेवढं उचललं तर फायली सगळ्या येतात आणि माणूस मागे राहतो. हे मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असण्याचा काही उपयोग नसतो हे पुढं कळलं.

काकी, म्हणजे सुभेदारीणबाई, या सगळ्याकडे चुलीपुढून बघायच्या. त्यांनी एकदा मला या जबानीचं मूळ सांगितलं. सुभेदार रिटायर होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराला शिस्त लावायची ठरवली. सगळे डबे धुऊन पुसून, चिठ्ठ्या चिकटवून, अकारविल्हे फळीवर लावले. काकी माहेरी गेल्या होत्या. परत आल्या आणि चार दिवस घरात धड आमटी झाली नाही. "आवं, फोडणी करपाय लागली तवा चिठ्ठ्या वाचत बसू व्हय मी?" काकी सांगत होत्या. "हात आपसूक जातोय जिऱ्याव. थितं ह्यांनी खसखस ठिवल्याली."

सुभेदार ओट्यापाशी उभे होते. "माझी चूक झाली," म्हणाले. "त्या दिसापास्नं मी कुणाच्या जागा बदलत न्हाई." एवढं सरळ चूक कबूल करणारा फौजी माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि एक अभिमान होता. एकच. रजिस्टरातला शेवटचा रकाना. अकरा वर्षांची पानं होती आणि प्रत्येक पानावर 'हरवलं'च्या खाली सरकारी अक्षरात एकच शब्द: निरंक. म्हणजे काही नाही. कुणी पाहुणा आला की कशाचं तरी निमित्त काढून ते रजिस्टर चाळून दाखवायचे. मेडलं होती, ती कपाटात. रजिस्टर खुंटीवर.

त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मिरजेहून आले ते काळा चष्मा लावून. धुरळ्यात जायचं नाही, वाकायचं नाही, डोळ्यांवर ताण द्यायचा नाही. त्याच आठवड्यात माणातून निरोप आला. तिथं घोंगड्यांची एक संस्था आहे. आजूबाजूच्या गावांतले विणकर घोंगडी विणून आणून देतात, संस्थेच्या दुकानातून ती विकली जातात. दुकान एक बाई सांभाळतात. तिथल्या सेटची लिनक्सची आवृत्ती फार जुनी झाली होती. ब्राउझरमधून प्रदर्शनवाल्यांचं संकेतस्थळ उघडेना, आणि सोमवारी सांगलीहून प्रदर्शनाची मंडळी माल निवडायला येणार होती.

"तू जा," सुभेदार मला म्हणाले. "त्या सेटला कप्पा वेगळा न्हाई, ट्रंक भायर काढाय लागंल. आन जबानी घे. पान हाय आधीचं रजिस्टरात, ते बघ. घाई करू नगं, इंजिनेर."

मी शुक्रवारी रजा टाकून गेलो. बाई दुकानात नव्हत्या, दहिवडीला माल घेऊन गेल्या होत्या. संस्थेच्या सेक्रेटरींनी दुकान उघडून दिलं. मशीन चालू केलं तर पडद्यावर दुकानातल्याच मांडणीचा फोटो लावलेला, चोवीस खणांची लाकडी मांडणी, आणि तिच्यावर फायलींची चित्रं इकडंतिकडं पसरलेली. एकेका विणकराची एकेक फाईल, तिच्यात त्याच्या शिल्लक घोंगड्यांचे फोटो. मला तो पसारा वाटला. जबानीला माणूस नव्हतं. रजिस्टरातलं आधीचं पान शोधायचा मला कंटाळा आला. दीडची एसटी धरायची होती.

दिसलं ते सगळं मी हार्ड डिस्कवर घेतलं. कागदाखालचं विसरलो. डिस्क पुसली, नवी आवृत्ती बसवली, फायली परत टाकल्या. पडद्यावर आता एक झकास डोंगर होता आणि फायली डाव्या कडेला ओळीनं, अकारविल्हे. सेक्रेटरींना बोलावून मोठ्या तोऱ्यात दाखवलं, "मोजून घ्या. चोवीसच्या चोवीस. नावं बघा." त्यांनी बघितली, माझी पाठ थोपटली, पोचेवर सही केली. 'हरवलं'च्या खाली मी स्वतःच्या हातानं लिहिलं, निरंक. चहासुद्धा घेतला.

शनिवारी सकाळी फोन आला. सुभेदारांना फोनच्या पडद्यावरचं दिसत नव्हतं म्हणून मीच उचलला आणि आवाज मोठा केला.

"सुभेदार, माझी मांडणी गेली," बाई म्हणाल्या. ओरडून नाही. हळूच, तोंडापुढं पदर धरून बोलल्यासारखं.

सुभेदार उठून बसले. मग म्हणाले, "बाई, खुर्चीव कोण हाय?"

"आजून मीच हाय. काल सांजच्याला गिऱ्हाईक आल्तं, त्यांच्यापुढं मला काय बी गावंना. सेक्रेटरी म्हंत्यात, नव्या मशीनला शिकल्यालं माणूस पायजे. सोमवारपास्नं सूनबाईला बसिवत्यात. मला म्हंत्यात, तुमी लोकर निवडाय बसा."

मला राग आला, खरं सांगतो. सगळ्या फायली जागच्या जागी, ठसठशीत मराठीत नावं, आणि बाई म्हणतात मला सापडत नाही! मी मध्येच म्हणालो, "बाई, नावं आहेत की सगळ्यांना. वाचून उघडायची."

सुभेदारांनी चाचपडत माझ्या हातातून फोन घेतला. "सोमवारी सकाळी येतोय बाई. तवर मशीनला हात लावू नगा. कुणी इचारलं तर सांगा, सेट बिघाडलाय." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "रजिस्टर आण. तिचं आधीचं पान काढ. वाच."

पान काढलं. पेन्सिलीनं काढलेली मांडणी, चोवीस खण. प्रत्येक खणात घोंगडीच्या काठाची नक्षी. एकात तीन रेघा, एकात नागमोडी, एकात नुसती जाड पट्टी.

"इथं काही लिहिलेलं नाही, सुभेदार."

"मागली पानं बघ."

मागच्या पुढच्या सगळ्या पानांवर, शाळेच्या, वाचनालयाच्या, चित्रांत बारीक अक्षरात नावं लिहिलेली होती. फक्त याच पानावर एक अक्षर नव्हतं. मी पानाकडे बघत राहिलो आणि हळूहळू माझे कान तापायला लागले.

"सही गिरवती," सुभेदार म्हणाले. "आकडे येत्यात. बाकी काय न्हाई. दादल्यासंगं मुंबईला ऱ्हाऊन आली, हिंदी बोलती, चष्मा लावती, म्हणून गावाला वाटलं शिकल्याली हाय. त्यांनी खुर्ची दिली, हिनं घेतली. आन सात वर्सं चालिवती बग दुकान. कुठल्या खणात कुणाचं घोंगडं, तिला झोपंत इचार. म्हणून मी मांडणीचा फोटूच लावला सेटला. हात जाईल तितं माणूस गावतंय." काळ्या चष्म्यामुळं ते कुणीकडे बघतायत कळत नव्हतं. "हे कुणाला ठावं न्हाई. आता तुला ठावं झालं. म्हंजे तुझी बी ड्यूटी लागली."

काकींनी सोमवारी दारात आडवं उभं राहून बघितलं. "डाक्टरनं धुरळ्यात जाऊ नगा म्हणून सांगितलंय. डोळा घालिवताय काय?" सुभेदारांनी बुटाला पॉलिश झालंय का ते मला विचारलं आणि निघाले. वडापच्या, म्हणजे माणसं भरून धावणाऱ्या, जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, काळ्या चष्म्यावरून काकींचा रुमाल बांधून. माणात पोचेपर्यंत रुमाल धुरळ्यानं लाल झाला होता.

दुकानात सेक्रेटरी, त्यांची सून, आणखी चार माणसं होती. बाई मशीनपासून लांब, भिंतीला टेकून उभ्या. सून बी. कॉम. होती, खुर्चीच्या कडेवर अवघडून बसलेली. तिचा काही दोष नव्हता. दुकानात घोंगड्यांना लावतात त्या चिंचोक्याच्या खळीचा वास होता आणि मंडळी अकरा वाजता येणार होती. साडेनऊ झालेले.

सेक्रेटरी म्हणाले, "सुभेदार, हे तर म्हणत होते सगळं ठीक आहे. नावं पण आहेत. बाईंनाच जमंना."

मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. चूक माझी, फायली आहेत पण मांडणी गेली, असं खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. नावं आहेत ना? मग अडतं कुठं?

सुभेदारांनी काठी जमिनीवर आपटली. "ह्याला काय इचारता? ह्यानं मी सांगितलं तसं केलं. मी डोळं बांधून पडलोवतो, फोनवर उलटं सांगितलं. नावं दिसत्यात, पर आतनं सेट बिघाडलाय. बाईच न्हवं, कलेक्टर बसला तरी चालायचा न्हाई. चूक माझी हाय. सेट मी बिघडिवला."

अकरा वर्षं निरंक लिहिणारा माणूस चारचौघांत हे बोलत होता. मला लाज वाटली. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, आपल्यावर आलं नाही म्हणून बरंही वाटलं.

"आता समदे भायर व्हा," सुभेदार म्हणाले. "सेट खोलायचा हाय, करंट बसंल. बाई तेवढ्या थांबा, तुमचं सामान हाय, पोच तुमी द्यायची."

दार लोटलं. सेट काही खोलायचा नव्हता. मी मोबाईलवर मांडणीचा नवा फोटो काढला आणि पडद्यावर लावला. बाई खुर्चीत बसल्या. मी एकेक फाईल उघडायचो, घोंगडीचा फोटो दिसायचा, बाई काठ बघायच्या आणि बोट ठेवायच्या. "ह्यो खालनं दुसरा, भिताडाकडचा." मी तिथं नेऊन ठेवायचो. "ह्यो म्हाताऱ्याचा. वरल्या अंगाला, कोपऱ्यात." एकदाही अडल्या नाहीत. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि मधूनमधून विचारत होते, "किती झालं?" नवव्या फाईलपाशी बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"तुमाला कळलं न्हवं आता?"

"कळलं," मी म्हणालो. "माझी चूक झाली, बाई."

"चुकीचं ऱ्हाऊ द्या. ह्यो डावीकडं घ्या."

पावणेअकराला चोवीस पुरे झाले. मी पेन्सिलीच्या चित्राशी पडताळून पाहिलं. एकही खण चुकला नव्हता. मशीन बंद करून परत चालू केलं, बाईंनी आपल्या हातानं एक फाईल उघडली, आणि सुभेदारांनी पाणी मागितलं.

मंडळी आली. त्यांनी काळं विचारलं, पट्ट्याचं विचारलं, कुणाच्या हातचं ते विचारलं. बाईंचा हात आपसूक जात होता. एका म्हाताऱ्या विणकराची तर त्यांनी अशी माहिती दिली की मंडळींनी त्याचा सगळा माल बाजूला काढला. सून कौतुकानं बघत होती. खुर्चीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही निघताना सेक्रेटरी सुभेदारांना बाजूला घेऊन म्हणाले. आवाज बारीक केला होता पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सुभेदार, राग मानू नका. वय झालं तुमचं. इथून पुढं मशीनला हात नका लावू."

"बरोबर हाय, साब," सुभेदार म्हणाले, आणि बूट जुळवले.

घरी आल्यावर त्यांनी मला रजिस्टर काढायला लावलं. "आजची तारीख टाक. मालक, बाई. सामान, चोवीस. पोच मिळाली." मी लिहीत गेलो. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"सुभेदार, इथं काय लिहू?"

"बाई खुर्चीत हाय न्हवं?"

"आहे."

"मग निरंक लिव्ह. इचारतोस काय?"

बोलणं मात्र रजिस्टराबाहेर गेलं. अशी बातमी माणातून रहिमतपूरला यायला एसटी लागत नाही. सुभेदारांनी संस्थेचं मशीन घालवलं. डोळ्यांनी दिसत नाही तरी हौस जात नाही. महिन्याभरात वाचनालयानं दुसऱ्याला बोलावलं. मग शाळेनं. त्यांनी एकालाही खुलासा केला नाही. फोन वाजायचे थांबले. सकाळी मी एसटीला निघायचो तेव्हा ते दाढी करून, बूट घालून ओट्यावर बसलेले असायचे आणि काकी आतून विचारायच्या, "आवं, आज कुठं जायाचं हाय का?" मला त्यांच्यासमोरून जायची लाज वाटायची. एकदा म्हणालोही, निदान वाचनालयात तरी मी खरं सांगतो. ते म्हणाले, "वाचनालयात सेक्रेटरीचा मेव्हणा बसतोय. गप तुझी एसटी धर."

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. खोली सोडायच्या दिवशी परत सगळं कॉटवर मांडलं. डोळे आता चांगले झाले होते. शर्ट, पँटी, टॉवेल, सगळं जुळलं. कंगव्यापाशी थांबले. मोजले. "दात पाच कमी हायती. आलास तवा तीन व्हते. दोन हितं मोडले, माझ्या घरात." आणि त्या रजिस्टरात पहिल्यांदा, 'हरवलं'च्या खाली, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दात, दोन. मी हसलो. ते हसले नाहीत. सही घेतली आणि किल्ली परत घेतली.

गेल्या वर्षी सुभेदार वारले. काकींना भेटून परतताना मी मुद्दाम माणात गेलो. वडिलांना घोंगडी हवी होती हे निमित्त. दुकान तसंच, वास तोच. बाई खुर्चीत होत्या, केस पिकलेले. शेजारी स्टुलावर सेक्रेटरींची सून पावत्या लावत होती. मशीन नवं होतं, आणखी दोन-तीन आवृत्त्या होऊन गेल्या असणार, पण पडद्यावर चोवीस खणांची तीच मांडणी होती. सूनबाई म्हणाली, बाईंचं तेवढं कुणी हलवायचं नाही, असा नियमच आहे इथं.

मी काळी घोंगडी सांगितली. बाईंनी न बघता एका खणावर बोट ठेवलं, फोटो उघडला, मी मान हलवली. त्यांनी मला ओळखलं होतं.

"तुम्ही आधी आलाय का इकडं?" सूनबाईनं विचारलं. "बघितल्यासारखं वाटतंय."

मी बाईंकडे बघितलं.

"ह्ये त्या सुभेदारांसंगट आल्तं," बाई म्हणाल्या. घोंगडीची घडी घालत होत्या, घालता घालता थांबल्या. "त्यांनी मशीन बिघडिवलं व्हतं बग एकदा."

"हां, ते! मामंजी अजून सांगतात," सूनबाई म्हणाली. "तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"तर," मी म्हणालो. "त्यांच्याच घरी राहायला होतो." आणि बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या, म्हणून पुढं म्हणालो, "माणूस चांगला. पण मशीनला हात जड होता त्यांचा."

बाईंनी मान खाली घातली, पदरानं एकदा चष्मा पुसला आणि घडीला दोरी बांधायला घेतली.